सरपंचाचे दाणे

आयसेलिन, न्यू जर्सी
२९ सप्टेंबर २०२४

चि. आश्लेषा,

तू फोनवर बोलतेस त्यातलं निम्मं मला ऐकू येत नाही. ते निम्मं तुझे काका मला ओरडून सांगतात, तेही चुकीचं. म्हणून सरळ कागद घेतला. तूही कागदावरच उत्तर दे. टाइप करून छापलंस तरी चालेल, पण पोस्टाने पाठव. आमच्या पत्रपेटीत जाहिरातींशिवाय काही पडत नाही.

काम आहे ते सरपंचाचं. मी लायब्ररीत नोकरीला होते तेव्हा पुस्तकं परत टाकायच्या पेटीत कुणीतरी एक पिल्लू टाकून गेलं होतं, तोच हा बोका. आता चौदा वर्षांचा झाला. परवा त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, मूत्रपिंडं थोडी थकलीत, घाबरू नका, पण आजवर घालता ते रंगीत दाणे बंद करा. वयस्कर मांजराला मानवतील असे चांगले कोरडे दाणे निवडा, ओलं खाणं हा तोंडात घेत नाही म्हणता तर.

आम्ही दोघं दुकानात गेलो. ओक ट्री रोडवरच्या साडीच्या दुकानात मी कधी गोंधळले नाही, ती तिथे गोंधळले. सगळ्या पिशव्यांवर तरणीबांड मांजरं. एकावर लिहिलंय धान्य नाही, दुसऱ्यावर सात वर्षांवरील, तिसऱ्यावर रानटी पूर्वजांचा आहार. आमच्या सरपंचाचे पूर्वज कोण ते मला काय ठाऊक! हात हलवत परत आलो. तू मांजरांच्या आहारावरच पीएच.डी. करतेस ना? मग सांग, काय घेऊ?

हे आत्ता शिडीवर आहेत. तळघरातल्या हीटिंगच्या भट्टीचा धूर बाहेर नेणारा पाइप भिंतीतून निघतो, त्यात उन्हाळ्यात पाखरांनी घरटं केलं होतं. यांनी ते काढलं आणि आता पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बसवताहेत. माणूस बोलवा म्हटलं की "मी चाळीस वर्षं पंप डिझाइन केले" हे ऐकावं लागतं. वय शहात्तर. मी खाली शिडी धरून उभी राहायची ती आत येऊन तुला लिहितेय, तेव्हा पुरे करते.

तुझी
सुहासिनी मावशी


अर्बाना, इलिनॉय
५ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी लॅबमध्ये सगळ्यांना दाखवलं. इथे कुणालाच हाताने लिहिलेलं पत्र येत नाही. माझी रूममेट केया म्हणाली, फ्रेम कर. (ती मुंबईची, प्राण्यांची डॉक्टर आहे, इथे रेसिडेन्सी करते.)

आता सरपंच. पिशवीच्या पुढच्या बाजूचं काहीही वाचू नकोस, ते सगळं मार्केटिंग. पिशवी उलटी कर. मागे बारीक अक्षरात एक वाक्य असतं, की हा पूर्ण आणि समतोल आहार आहे आणि कोणत्या वयासाठी. ते नसेल तर पिशवी खाली ठेव. "सीनियर" या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, त्याची कुठे पक्की व्याख्याच नाही, कुणीही छापतं. घटकांच्या यादीत पहिलं नाव मांसाचं हवं. धान्य असलं तरी बिघडत नाही. सगळ्यात महत्त्वाचं फॉस्फरस. ते मूत्रपिंडांवर लोड टाकतं, आणि पिशवीवर बहुतेक वेळा छापलेलंच नसतं. कंपनीला फोन करून विचारावं लागतं. ते मी केलंय. सोबत तीन नावं लिहिलीत, पहिलं आधी ट्राय कर.

एकदम बदलू नकोस. दहा दिवसांत हळूहळू जुनं कमी, नवं जास्त. पाण्याची वाटी खाण्यापासून लांब ठेव, मांजरं तशी जास्त पाणी पितात. आणि प्लीज, एक वही घाल. किती खाल्लं, उलटी झाली का, शी कशी, वजन, झोप. जे दिसेल ते लिही आणि मला पाठव.

खरं सांगू का, यात माझा स्वार्थ आहे. डिसेंबरमध्ये माझं डिपार्टमेंटसमोर पहिलं मोठं प्रेझेंटेशन आहे, म्हाताऱ्या मांजरांच्या कोरड्या आहारावरच. लॅबमधल्या मांजरांचे आकडे आहेत, पण घरातल्या एका खऱ्या मांजराची गोष्ट मिळाली तर मजा येईल. सरपंच स्लाइडवर!

काकांना सांग, शिडीवर चढू नका.

आश्लेषा


आयसेलिन
२० ऑक्टोबर

चि. आश्लेषा,

तुझी पहिल्या नावाची पिशवी आणली आणि मोजूनमापून सुरुवात केली. थंडी यंदा लवकर आली. बारा तारखेपासून भट्टी चालू आहे, यांनी खिडक्यांना प्लास्टिकही चिकटवलं. भट्टी सुरू होताच सरपंचाने आपला मुक्काम तळघरात हलवला. दरवर्षी हलवतो, तिथे भट्टीशेजारी त्याची जुनी गादी आहे.

वहीतलं उतरवून काढते. तेरा तारखेला पाव वाटी खाल्लं. पंधराला वास घेऊन निघून गेला. सोळाला उलटी. अठराला उलटी दोनदा, आणि सोफ्यावर उडी मारताना तोल गेला, खाली पडला आणि मग लाज वाटल्यासारखा तिथेच बसून राहिला. हल्ली झोप फार. हाक मारली तर कान हलवतो, डोळा उघडत नाही. नवे दाणे मानवले नाहीत असं मला वाटतं, पण तू शिकलेली.

आमचं ठीक. माझं डोकं सकाळी उठल्यावर जड असतं. नवा चष्मा केलाय, त्याचा नंबर चुकला असावा. भाजी आणायला बाहेर पडले की उतरतं. हे दुपारी जेवून खुर्चीत बसले की चारपर्यंत उठत नाहीत, वय झालं आता. स्वयंपाकघराबाहेर छताला ते अलार्मचं यंत्र आहे ना, ते फोडणी दिली की नेहमीच बोंबलायचं. आता फोडणी न देताही बोंबलायला लागलं. परवा दिवसातून चारदा. सरपंच बिचकत होता, म्हणून यांनी ते उतरवून बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. आता घर शांत आहे.

दाण्यांचं लवकर कळव.

मावशी


अर्बाना
२५ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

वही एकदम प्रोफेशनल! पत्र मिळाल्या मिळाल्या हायलायटर घेऊन बसले.

"उलटी दोनदा" वाचून मला वाटतं, पहिल्या फूडमध्ये फॅट जास्त पडतंय. म्हाताऱ्या मांजरांना ते पचत नाही. झोप जास्त येणं हे कमी खाण्यामुळे. तोल जाणं म्हणजे मागच्या पायांची ताकद कमी होणं, या वयात कॉमन आहे. दुसऱ्या नावावर शिफ्ट कर, त्यात फॅट कमी आणि प्रोटीन चांगलं आहे. या वेळी दाण्यांवर दोन चमचे कोमट पाणी शिंपड, वास सुटतो आणि त्यांना आवडतो.

अलार्मचं वाचून खूप हसले. यार, इथेही तेच! आम्ही जिरं टाकायच्या आधी त्याला शॉवर कॅप घालतो.

चष्म्याचा नंबर परत चेक करून घे. आणि दिवाळीला काय करताय? माझी परीक्षा आहे, नाहीतर आले असते.

आश्लेषा


आयसेलिन
७ नोव्हेंबर

चि. आश्लेषा,

तू जिंकलीस!

२९ तारखेला तुझं पत्र आलं आणि त्याच संध्याकाळी दुसरी पिशवी आणली. ३० ला आम्ही दिवाळीसाठी प्रिन्स्टनला सुमित्राकडे गेलो. सुमित्रा म्हणजे माझी लायब्ररीतली मैत्रीण, तुला आठवत असेल, चकल्या पाठवते ती. सरपंचाची अशी अवस्था, त्याला मागे कसं ठेवायचं, म्हणून पिंजऱ्यात घालून सोबत नेलं. पहिल्या दिवशी तो पलंगाखाली होता. दुसऱ्या दिवशी दाणे खाल्ले, वर पाणी प्यायला. लक्ष्मीपूजनाला तर सुमित्राच्या पडद्यावर चढला! चौदा वर्षांचा बोका! मी दाण्यांची पिशवी तिथेच नमस्कारासाठी पाटावर ठेवणार होते, सुमित्राने ठेवू दिली नाही.

आम्हालाही बरं वाटलं. पाच दिवसांत माझं डोकं एकदाही दुखलं नाही, गप्पांचा गुण असणार. यांनी सुमित्राच्या नातीला, अनुष्काला, दोन तास भूमिती शिकवली, मध्ये एकदाही पेंगले नाहीत. मी बघत राहिले.

चार तारखेला परत आलो. काल-आज सरपंच जरा मलूल आहे, खाली गादीवर पडून असतो. प्रवासाचा शीण म्हणायचा.

मावशी


अर्बाना
१२ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

पडदा! मी हे वाक्य जसंच्या तसं स्लाइडवर टाकलंय. आधीच्या दाण्यांवर काय काय झालं ते डावीकडे, नंतरचं उजवीकडे, आणि मध्ये फूड बदलल्याची तारीख. माझ्या गाइडनी बघितलं आणि म्हणाले, एकाच मांजराचं उदाहरण आहे, पण लोकांच्या लक्षात राहील. मला इतकं भारी वाटलं ना.

आता मागे येऊ द्यायचं नाही. पिशवी उघडल्यावर हवा लागून दाण्यांतलं तेल खवट होतं, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. मलूल असेल तर आधी ते बघ. आणि एक काम कर. त्याचा वरचा ओठ हळूच उचलून हिरड्यांचा रंग बघ. पांढुरक्या, फिकट असतील तर मूत्रपिंडांमुळे रक्त कमी होतंय असं समजायचं. छान गुलाबी असतील तर काळजी नाही.

तुझी डोकेदुखी गेली हे बेस्ट. आई विचारत होती, ताई बरी आहे का. मी सांगितलं, मजेत आहे.

आश्लेषा


आयसेलिन
२१ ऑक्टोबर, छे, नोव्हेंबर

चि. आश्लेषा,

दाणे डब्यात ठेवले होते. घट्ट झाकणाच्या. तरी सरपंच खात नाही. सोमवारपासून खाल्लं नाही. उलटी होते ती नुसती पिवळ्या पाण्याची. पायऱ्या चढताना मध्येच थांबतो आणि विसरल्यासारखा खाली बघत राहतो.

हिरड्या पाहिल्या. फिकट मुळीच नाहीत. छान लालचुटुक आहेत, कुंकवासारख्या. तेवढं एक बरं.

तिसऱ्या नावाची पिशवी आणायला जायचंय पण थंडी फार आहे आणि गाडी चालवायची म्हटलं की यांना घेरी आल्यासारखं होतं. मंगळवारी हे न्हाणीघरात पडले. लागलं नाही. उठले आणि मला म्हणाले, "आपण नागपूरहून कधी आलो?" मी म्हटलं, "अहो, काय बोलताय?" तर हसले. चेष्टा करत असतील. तू रत्नाला, तुझ्या आईला, यातलं काही सांगू नकोस, ती उगाच जिवाला लावून घेते.

सरपंच खात नाही. सोमवारपासून खाल्लं नाही. हिरड्या लाल आहेत.

अक्षर वाकडं येतंय, बोटं गार पडलीत. भट्टी दिवसभर चालू आहे तरी गारच वाटतं. डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीय, पुढल्या शुक्रवारची. की सोमवारची, ते कागदावर लिहून ठेवलंय. तू दाण्यांचं कळव.

मावशी


अर्बाना
२६ नोव्हेंबर, दुपार

प्रिय मावशी,

पत्र आत्ताच मिळालं, लॅबमध्ये बसूनच उत्तर टाइप करतेय. तारीख चुकलीस, ऑक्टोबर लिहिलंस आधी!

पहिली गुड न्यूज, हिरड्या लाल म्हणजे रक्त कमी नाही. मग मूत्रपिंडं एवढी वाईट नाहीत. चार दिवस उपाशी राहणं मात्र चांगलं नाही, डॉक्टरांची वेळ अलीकडे घे. माझा अंदाज असा की दुसऱ्या फूडमधलं प्रोटीन त्याला आता जड जातंय. तिसरं नाव मी तुला ऑनलाइन ऑर्डर करून घरीच पाठवते, तुला बाहेर पडायला नको. ते सुरू करताना

केया आत्ता इथे आली. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अगं, मांजर जाऊ दे. घरातली माणसं कशी आहेत?"

मावशी, थांब. मी फोन करतेय.


अर्बाना
५ डिसेंबर

प्रिय मावशी,

वरचं अर्धवट पत्र मी पोस्टात टाकलंच नव्हतं. आता यासोबत पाठवतेय. तू वाचावंस असं वाटलं.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत सहा दिवस तुझ्या हॉस्पिटलच्या खाटेशेजारी बसले होते आणि जे बोलायचं होतं ते बोलले नाही. तुला ऐकू येणार नाही, ओरडून सांगावं लागेल, आणि पलीकडच्या खाटेवर काका आहेत, अशी कारणं मी स्वतःला देत राहिले. इथे परत आल्यापासून प्रयत्न करतेय. आज लिहिते.

केयाने माणसांचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "ठीक आहेत. मावशीचं डोकं दुखतं, काका परवा पडले, थोडं विसरतात." मी हे मोठ्याने म्हटलं आणि माझेच शब्द मला ऐकू आले. केयाने पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं. तिने एकच विचारलं, "हीटिंग गॅसवर आहे का?" मी म्हटलं, हो. "अलार्म आहे?" तेव्हा मला तुझं ऑक्टोबरचं पत्र आठवलं, बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये ठेवलेलं ते यंत्र.

तुमचा फोन सोळा वेळा वाजला. मग मी तुमच्या गावच्या पोलिसांचा नंबर शोधला. फोनवरच्या बाईंना मी काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही. मी मांजरापासून सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही मांजरासाठी फोन केलाय का?" मी म्हटलं, "नाही, नाही, माणसं आहेत. दोन माणसं आहेत. म्हातारी आहेत. घरात गॅसचा धूर साठलाय असं मला वाटतं." त्यांचा आवाज तत्काळ बदलला. "लाइनवर राहा," म्हणाल्या. मी एकवीस मिनिटं लाइनवर होते. केया माझा हात धरून उभी होती.

पुढचं तुला लोकांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं असेल, मी सलग सांगते. अग्निशमनचे लोक दार तोडून आत गेले तेव्हा त्यांचं मीटर उंबरठ्यावरच बोंबलायला लागलं. कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, रंग नसतो. तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर डोकं ठेवून बसली होतीस. काका तळघराच्या पायऱ्यांवर होते. ते सरपंचाला वर आणायला खाली उतरले होते आणि चौथ्या पायरीपर्यंतच चढू शकले. सरपंच त्यांच्या मांडीवर होता. तो आधीच गेला होता. एका जवानाने त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून बाहेर अंगणात ठेवलं, तो मला नंतर भेटला आणि म्हणाला, "आम्ही प्रयत्न केला, पण तो सगळ्यात खाली राहत होता ना." आणखी तासाभराने तुम्ही दोघंही जिवंत सापडला नसता, असंही तो म्हणाला. मला धीर द्यायला म्हणाला तो.

पाइपच्या जाळीला पानं आणि पिसं चिकटून गच्च थर झाला होता. काकांनी शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य हेच म्हटलं, की जाळी मी लावली. नर्सला कळलं नाही, तिने मला अर्थ विचारला. मी म्हटलं, पाणी मागताहेत.

मावशी, तुझी सगळी पत्रं माझ्यासमोर आहेत. वीस ऑक्टोबरच्या पत्रात मी पिवळ्या हायलायटरने "उलटी दोनदा" रंगवलंय, "तोल गेला" रंगवलंय. त्याच्याच खाली तुझं डोकं आहे, काकांची झोप आहे, यंत्र आहे. त्यावर काहीच नाही. कोरा कागद. दिवाळीत तुम्ही त्या घराबाहेर होतात म्हणून सगळे बरे झालात आणि मी त्याचं श्रेय एका पिशवीला दिलं. रोज या विषयावर लेख वाचणारी मी. हिरड्या लालचुटुक म्हणजे रक्तात कार्बन मोनॉक्साइड, हे केयाला तिसऱ्या सेकंदाला कळलं. मी त्याला गुड न्यूज म्हटलं.

प्रेझेंटेशनमधून नाव काढून घेतलं. गाइडना सांगितलं, तयारी नाही.

तू रागाव, पण उत्तर दे.

आश्लेषा


प्रिन्स्टन
१७ डिसेंबर

चि. आश्लेषा,

आम्ही सुमित्राकडे आहोत हे तुला ठाऊक आहे. घरी नवी भट्टी बसवून घेईपर्यंत इथेच. तुझं पत्र तिने मला आणून दिलं आणि स्वतः बाहेर फिरायला निघून गेली, शहाणी आहे.

रागावले नाही. पण "तुझा काही दोष नाही, राणी" असंही लिहिणार नाही. तू मला विचारलं नाहीस हे खरं आहे. मी तुला सांगितलं नाही हेही खरं आहे, आणि ते तुला अजून माहीत नाही.

पत्रात डोकं जड लिहिलं तेव्हा ते फुटत होतं. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला मी स्वयंपाकघरात पडले, किती वेळ ते सांगता येणार नाही, उठले तेव्हा कुकरमधलं पाणी आटून भांडं जळलं होतं. ते मी तुला लिहिलं नाही. हे त्या आठवड्यात दोनदा घराचा रस्ता चुकले. तेही नाही लिहिलं. मला वाटलं, झालं सुरू. माझ्या सासूबाईंना शेवटी जे झालं तेच. स्वतःच्या घरात स्वतःचं माणूस न ओळखणं. पहिल्यांदा यांना झालं असं वाटलं, मग मलाही. दोघांना एकदम. कुणाला सांगायचं? रत्नाला सांगितलं असतं तर ती रडली असती. डॉक्टरला सांगितलं असतं तर त्यांनी गाडीची चावी काढून घेतली असती आणि आम्हाला कुठल्यातरी संस्थेत नेऊन ठेवलं असतं, दोघांना दोन मजल्यांवर. म्हणून मी कागद घेतला की सरपंचाबद्दल लिहायचे. त्याची उलटी, त्याची झोप, त्याचा तोल. तो विषय असला की मला आमच्याबद्दल लिहावं लागत नसे. तुलाही तेच सोयीचं होतं, खरं ना? दाण्यांवर तुझ्याकडे उत्तर होतं.

सरपंचाला सुमित्राच्या परसात पुरलं. जमीन गोठली होती, तिच्या जावयाला कुदळीने खणायला अर्धा दिवस लागला. हे तिथे उभे होते, कोट न घालता. मी बोलावलं तरी आत आले नाहीत. त्या दिवसापासून जाळीचं नाव त्यांनी काढलेलं नाही. मीही काढत नाही.

आता आजचं सांगते. या वेळी सगळं सांगते.

हॉस्पिटलमधून सोडताना डॉक्टर म्हणाले होते, दोन-तीन आठवडे माणूस चांगला दिसतो, घरचे निश्चिंत होतात, आणि मग कधी कधी मेंदूवरचा परिणाम उशिरा दिसायला लागतो. सहा आठवड्यांपर्यंत लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवलं होतं. हे उत्तम होते. अनुष्काला शिकवत होते, वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. शनिवारी त्यांनी चहात मीठ घातलं. मी हसण्यावारी नेलं. रविवारी स्वेटर पायात घालायला लागले. मी तो काढून घेतला आणि कुणाला बोलले नाही. बघ, अजूनही सवय जात नव्हती.

आज सकाळी मी त्यांच्यासमोर उपम्याची बशी ठेवली. त्यांनी माझ्याकडे फार आदराने बघितलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही जेवलात का?" मी म्हटलं, "अहो, मी सुहासिनी." ते म्हणाले, "हो, हो, ठीक आहे," आणि मला बसायला खुर्ची ओढून दिली. उठून उभे राहिले, मी बसेपर्यंत उभेच होते. पाहुण्या बाईसमोर राहतात तसे. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी मला कधी खुर्ची ओढून दिली नव्हती.

मी तिथे बसले. उपमा खाल्ला. मग उठून सुमित्राला सगळं सांगितलं, शनिवारपासूनचं. तिने लगेच डॉक्टरांना फोन लावला. उद्या सकाळी नऊला मेंदूची तपासणी आहे. ते काय म्हणतील ते माहीत नाही. काही जणांचं हळूहळू परत येतं असं ते म्हणाले, काहींचं नाही येत. रत्नालाही आज खरं ते कळवलं. ती रडली, आणि मी ऐकून घेतलं, स्पीकर कानाला लावून.

सुमित्रा तुला संध्याकाळी फोन करणार आहे, तेव्हा हे पत्र पोचेपर्यंत तुला बरंचसं कळलेलं असेल. तरी माझ्या हाताने लिहिते. हे आत्ता पलीकडच्या खोलीत खिडकीशी बसलेत. हाताची घडी घालून, कुणाच्यातरी घरी आल्यासारखे, अवघडून. मी मघाशी जाऊन त्यांच्याशेजारी बसले तर थोडे सरकून त्यांनी मला जागा करून दिली.

मला एकटीला भीती वाटते, आश्लेषा. तुझी परीक्षा असेल, काम असेल, मी विचारत नाही. तू ये.

मावशी